मानाचे साक्षीदार

बाबांच्या तेरवीच्या शेवटच्या पंगती उठल्या आणि माझ्या भावानं माझ्यासमोर एक साडी ठेवली. साडीवर ब्लाउजपीस, त्यावर हळदकुंकवाची पुडी, आणि साडीच्या घडीखाली हक्कसोडाचा टाइप केलेला मसुदा. आमच्याकडे हे असंच चालतं. बाप गेला की लेकी माहेरी येतात, रडतात, तेरवीचं जेवतात आणि बापाच्या जमिनीवरचा आपला हक्क भावाच्या नावे सोडून, साडी पिशवीत घालून एसटीनं परत जातात. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. माझ्या ओळखीच्या एकीनं सोडला नव्हता, तर गावातल्या बाया तिच्या नावानं अजून बोटं मोडतात.

"ताई, सोमवारी समुद्रपूरले रजिस्ट्री ऑफिसात येजो," भाऊ म्हणाला. "दोन सह्या कराच्या आहेत, बस."

तो गोड बोलत होता, आणि मला राग येतो तो त्या गोडपणाचाच. हिसकावून घेणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. माझ्या भावाला मनापासून वाटत होतं की तोच मला काहीतरी देतो आहे.

मी साडी बाजूला सरकवली आणि विचारलं, "आणि आत्याचं काय?"

आत्या तेव्हा मागच्या अंगणात स्वयंपाकाचे मोठाले गंज, पातेली घासत होती. सख्ख्या भावाची तेरवी होती आणि ती राखेत हात घालून बसली होती, कारण त्या घरात तिला पाहुणी कोणी समजत नव्हतं आणि घरची मालकीण तर नाहीच नाही. लग्नानंतर दोनेक वर्षांत नवऱ्यानं तिला टाकलं आणि दुसरी केली. ती एक पेटी घेऊन बाबांकडे परत आली. आमची आई सदा आजारी, मी शाळेत जाण्याआधीच गेली. आम्हा दोघा भावंडांना आत्यानं वाढवलं. बाबा एसटीत कंडक्टर, हिंगणघाट डेपोला. आज इकडे मुक्काम, उद्या तिकडे. पगारातून त्यांनी हळूहळू दहा एकर जमीन घेतली खरी, पण त्या जमिनीत नांगर कधी घालायचा, कपाशीवर काय फवारायचं, वेचायला कोणत्या बाया बोलवायच्या, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. सातबाऱ्यावर बाबांचं नाव होतं आणि शेतात आत्या होती. पस्तीस-चाळीस वर्षं हे असंच चाललं आणि कोणालाही त्यात काही चूक दिसली नाही.

"आत्याले मी नेतो ना हिंगणघाटले," भाऊ म्हणाला. तो तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला आहे. "ती लेकरायले पाहीन, दोन घास खाईन. तिले एकटीले इथं कायले ठेवाचं?"

म्हणजे फुकटची मोलकरीण. आणि तिचं घर रिकामं झालं की ते घर आणि त्याला लागून असलेले दोन एकर विकायचे. आमचं घर रस्त्याला लागून आहे, गोदामासाठी एक गिऱ्हाईक फेऱ्या मारून गेलं होतं, हे मला गावातून कळलं होतं. मी पर्स उघडली आणि बाबांचं मृत्युपत्र बाहेर काढलं.

हे मृत्युपत्र झालं तेव्हा मी हजर होते. चार वर्षांपूर्वीची अक्षय तृतीया. पूर्वजांना जेवू घालायचा दिवस बाबांनी मुद्दाम निवडला होता. मृत्युपत्र हा शब्द ते उच्चारत नसत, 'कागद' म्हणत. तहसीलजवळ बसणाऱ्या अर्जनवीसाकडून मजकूर लिहून आणला होता: राहतं घर आणि लागूनचे दोन एकर बहिणीला, उरलेली आठ एकर मुलाला. मुलीचं लग्न करून दिलं आहे, तिला काही नाही. ते वाक्य मी वाचलं आणि कागद परत दिला. आत्याला घर मिळतं आहे ना, मग बाकीचं राहू दे, असं मी स्वतःला समजावलं. वाईट मात्र वाटलं होतं.

खरा घोळ पुढे झाला. कागदाला दोन साक्षीदार लागतात, आणि बाबांनी साक्षीदार निवडले ते लग्नातली मानाची माणसं निवडावीत तसे. एक माजी सरपंच, दुसरे भजन मंडळाचे म्होरके. गावातले सगळ्यांत वडीलधारे दोघं. दोघंही बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. एकाला काठीशिवाय उठता येत नव्हतं, दुसऱ्याला सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवावं लागलं. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "बाबा, कोणी तरण्या माणसाची सही घ्या. समोरचा कृषी केंद्रवाला आहे, त्याला बोलवा."

बाबा माझ्यावर डाफरले. "दुकानदाराले साक्षीले बसवू? गावात मान कोणाचा आहे ते पाह्यशीन की नाई?"

मग दोघांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, दुपट्टा-टोपी दिली, हातात नारळ दिला. आत्यानं पुरणाचा स्वयंपाक केला. नोंदणी करा म्हटलं तर बाबा म्हणाले, या दोघांनी सही केली म्हणजे झाली नोंदणी, गावात यांच्या पुढं कोण बोलते? त्या दिवशी ते बोलणं खरंच होतं. त्यांच्यापुढे कोणी बोलत नव्हतं.

पुढच्याच हिवाळ्यात माजी सरपंच गेले. मी बाबांना फोन केला, म्हटलं आता तरी कागद बदला, नवे साक्षीदार घ्या, समुद्रपूरला जाऊन नोंदवून टाका, मी रजा घेऊन येते. बाबा म्हणाले, "मेल्या माणसाची सही खोडू काय मी? त्याच्या पोराले काय तोंड दाखवू?" नवा कागद केला तर त्या म्हाताऱ्याचा अपमान होईल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग भजनवाले गेले. मी पुन्हा बोलले, बाबांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. आणि मग बाबा गेले. मेलेल्यांचा मान राहिला आणि जिवंत बहीण उघड्यावर पडली. बाबांवर माझा जीव होता. तरी हे लिहिताना मला त्यांचाही राग येतोच आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तेरवीच्या दिवशी भावानं तो कागद वरून खाली वाचला, साक्षीदारांच्या सह्यांवर थांबला आणि हसला. "साक्षीदार कुठी आहेत, ताई? आण त्यायले."

त्याच्या बायकोनं साडी उचलून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली. मी ती पाटावर ठेवली आणि मागे आत्याजवळ जाऊन बसले. तिनं एक गंज माझ्याकडे सरकवला, मी घासू लागले.

पुढचे महिने मी वर्ध्याजवळच्या माझ्या घरून, बोरगाव मेघेहून, समुद्रपूरला चकरा मारल्या. शाळेत शिकवते, म्हणून मिळेल त्या सुट्टीला जायचं, नाहीतर अर्धी रजा टाकायची. आत्याचं नाव घर आणि दोन एकरावर लागावं म्हणून फेरफाराचा अर्ज केला. भावानं हरकत घेतली: मृत्युपत्र मान्य नाही. मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली. साहेब भले होते, निदान ओरडले नाहीत. म्हणाले, वाद आहे तर मी काही करू शकत नाही, दिवाणी कोर्टातून मृत्युपत्र शाबित करून आणा, तोवर पुढची तारीख देतो. बाहेर व्हरांड्यात भावाचा साळा उभा होता, तो मला ऐकू जाईल असं म्हणाला, "प्रोबेट पायजे प्रोबेट. असा कोणाचाबी कागद चालते काय?" शब्द टीव्हीवर ऐकलेला असावा. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

वर्ध्याच्या वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी आधी ते प्रोबेट डोक्यातून काढायला लावलं. ती भानगड मुंबईसारख्या ठिकाणची, आपल्याकडे त्याची सक्ती नाही, असं त्या म्हणाल्या. पण कोणी वाद घातला की मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावंच लागतं. दोघांपैकी एक साक्षीदार जिवंत असेल तर त्यानं येऊन सांगायचं की माझ्यासमोर सही झाली. दोघंही नसतील तर त्यांची सही ओळखणारं माणूस उभं करायचं.

"भजनवाल्यांना मूलबाळ नव्हतं," मी म्हटलं. "सरपंचांचा मुलगा आहे गावात."

"मग त्याला आणा. तुम्ही हजर होतात, पण अर्ज घेऊन तुम्हीच फिरताय, तुमच्या एकटीच्या सांगण्यावर कोर्ट विसंबणार नाही. तो कोर्टात येऊन बोलला की आपल्याला उभं राहायला जागा मिळते."

त्या रविवारी मी सरपंचांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणते. त्यानं चहा मागवला, चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि त्याचे डोळे पाणावले. "बाबाचीच सही आहे ताई. हे खालची रेघ अशीच लंबी ओढत होते. हात कापे, तरी रेघ ओढतच."

मला इतकं हलकं वाटलं की मी चहाची दुसरी कपबशीही घेतली. मग म्हटलं, तारीख लागली की गाडी पाठवते, तेवढं येऊन सांगा.

त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली. "कोर्टात नाई येत मी."

"काऊन?"

"तुह्या भावासंग माह्यं उठणं-बसणं आहे. उद्या गाव म्हणन, याने लोकाच्या घरात भांडण लावलं. आन् बाबा मेले आता. मेल्या माणसाचं नाव कोर्टात कायले ओढता?"

मी शाळेत शिकवते, मला आवाज चढवायची सवय आहे, आणि त्या दिवशी मी तो चढवला. म्हटलं, दादा, तुमचे बाबा पाटावर बसले तेव्हा त्यांनी दुपट्टा-टोपी घेतली, नारळ घेतला, पुरणपोळी खाल्ली. कशासाठी घेतली? या बाईच्या घराची जबाबदारी घेतो म्हणूनच ना? मान घ्यायला तुम्ही लोक पुढे, आणि मान राखायची वेळ आली की गावाचं भेव. सही खरी आहे हे तुम्ही तुमच्या ओसरीत मला सांगता, तेच न्यायाधीशासमोर सांगायला तुमची जीभ का अडखळते? त्यानं मान खाली घातली, पण हो म्हणाला नाही. त्याची बायको आतून मला ऐकू येईल असं बोलली, की शिकलेल्या बाया अशाच असतात.

गावातल्या इतर चार-पाच जणांकडेही मी गेले. सगळ्यांना आत्या ठाऊक होती. तिच्या हातची भाजी-भाकर सगळ्यांनी खाल्लेली. सगळे म्हणाले, बाईवर अन्याय होऊन राह्यला. आणि सगळे म्हणाले, आमाले यात ओढू नका.

इकडे भाऊ गप्प बसला नव्हता. एका दुपारी तो त्या गोदामवाल्याला घेऊन आला आणि आत्याच्या देखत घराची लांबी-रुंदी टेपनं मोजू लागला. आत्या ओट्यावर तूर निवडत होती. टेप तिच्या पायाशी आली तेव्हा तिनं पाय वर घेतले, म्हणजे त्यांना नीट मोजता यावं. हे तिनंच मला फोनवर सांगितलं, अगदी सहज, आणि वर म्हणाली, "बाई, मी माह्यी पेटी भरून ठेवली. तो म्हणन त्या दिवशी मी निघतो. तू उगाच धावपळ नको करू." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. रडू रागाचंच होतं. आपल्या पायाखालची जमीन मोजून घ्यायला पाय वर घेणारी बाई, तिच्यासाठी लढायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वकीलबाईंकडे गेले आणि सांगितलं की साक्ष द्यायला कोणी येत नाही. त्यांनी मृत्युपत्र पुन्हा हातात घेतलं, सावकाश वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, यात तुम्हाला काय आहे?"

"मला काही नाही. लग्न करून दिलं म्हणून."

"मग हे टिकावं म्हणून तुम्ही एवढी मरमर का करता? मृत्युपत्र बाद झालं तर काय होतं, ठाऊक आहे? तुमचे वडील मृत्युपत्र न करता वारले असं धरायचं. स्वतः घेतलेली जमीन, आई नाही, वारस दोन. मुलगा आणि मुलगी. निम्मं-निम्मं."

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातही राग होता. मृत्युपत्रात भावाला आठ एकर मिळत होती. ते मोडायला तो जिवाचं रान करत होता, आणि मोडलं की त्याच्याकडे पाचच उरत होती, घरही निम्मं. हे साधं गणित त्याला सुचलं नाही, कारण त्याच्या हिशेबात मी वारस म्हणून नव्हतेच. मी साडी घेऊन सही करणार, हे त्यानं सूर्य उगवणार इतकं गृहीत धरलं होतं. त्याच्या साळ्यालाही ते सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर इतके महिने मलाही सुचलं नव्हतं, कारण मीही याच गावच्या पाण्यावर वाढलेली.

पुढच्या सुनावणीच्या दिवशी तहसीलबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी भावाला गाठलं. म्हटलं, "तुझी हरकत बरोबर आहे. कागद शाबित होत नाही. मीही तसंच लिहून देते."

त्याचा चेहरा खुलला. "समजलं ना ताई. मी तुले तेच सांगून राह्यलो होतो."

"हो. म्हणजे बाबांनी कागद केलाच नाही. वारस आपण दोघं. पाच एकर तुझी, पाच माझी. घरातही अर्धं माझं."

तो हातात ग्लास धरून हळूच म्हणाला, "पण तू तं सोडणार आहेस ना?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्याच बहिणी सोडतात, ताई."

"मी नाही सोडत."

त्यानं ग्लास ठेवला आणि साळ्याकडे पाहिलं. साळा मोबाइल काढून दुसरीकडे निघून गेला.

वकीलबाईंकडून वाटणीची नोटीस गेली आणि आठवड्याभरात तो बोरगावला माझ्या घरी आला, बायकोला घेऊन, आंब्याची पेटी घेऊन. आंबे ताई, गोड आहेत ताई. मी पाच एकर मागू शकत होते. वकीलबाई तर मागाच म्हणत होत्या. पण मला भांडण जिंकायचं नव्हतं, आत्याचं छप्पर वाचवायचं होतं, आणि कोर्टात वर्षानुवर्षं लागली असती तर तेवढ्यात ती पेटी उचलून हिंगणघाटला गेली असती, मला खात्री होती. म्हणून मी म्हटलं, घर आणि लागूनचे दोन एकर माझ्या नावे कर, बाकीची आठ तुझी. म्हणजे बाबांच्या कागदात होतं तेच. तेच, पण आता भावाच्या मेहरबानीनं नाही, माझ्या हक्कानं.

समुद्रपूरला वाटणीपत्राची नोंदणी झाली. अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर आल्यावर वहिनीनं पिशवीतून तीच तेरवीची साडी काढली. मी हात मागे घेतले. आत्या सोबत होती, तिनं ती घेतली आणि म्हणाली, "राहू दे, कापड चांगलं आहे." गावात बातमी पसरली ती अशी की भाऊ असावा तर असा, बहिणीला दोन एकर आणि घर देऊन टाकलं. एसटीत माझ्याच शेजारी बसून एका बाईनं मला हे सांगितलं.

आता उरलं घर आणि जमीन आत्याच्या नावे करणं. माझा नवरा म्हणाला, तुझ्याच नावावर राहू दे, तिला काय फरक पडतो, राहील ती आयुष्यभर. मी म्हटलं, चाळीस वर्षं सगळे हेच म्हणत आले, तिला काय फरक पडतो. मी बक्षीसपत्र करायला घेतलं. तर कार्यालयात प्रश्न निघाला: बाई शेतकरी आहेत काय? शेतजमीन शेतकऱ्यालाच देता येते. सातबाऱ्यावर कुठे नाव आहे?

कुठेच नव्हतं. ऊन, गारपीट, बोंडअळी, सगळं जिनं अंगावर घेतलं ती कागदावर शेतकरी नव्हती. टेबलापलीकडच्या माणसाची चूक नव्हती, तो नियम सांगत होता, तरी मी त्याला नको ते बोलले. शेवटी वकीलबाईंनी मार्ग काढला. शेतमजूर असल्याचा दाखला चालतो. मग आत्यासाठी शेतमजूर असल्याचा दाखला काढला. सख्ख्या भावाच्या शेतात राबलेली मजूर म्हणून तिला जमीन घेता आली. तो दाखला तिनं मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. तिनं मान हलवली, "बरोबर आहे." मला मात्र तो कागद टराटरा फाडावासा वाटत होता.

सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. तिनं तो देवापाशी ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. मी पहिल्यांदा त्या वर्षात पोटभर जेवले.

आणि मग वकीलबाईंनीच सुचवलं की बाई आता सत्तरीच्या पुढच्या, त्यांचंही मृत्युपत्र करून घ्या, या वेळी नीट. साक्षीदार तरुण, नोंदणी समुद्रपूरला. मी आत्याला विचारलं, "आत्या, तुझ्यामागं कोणाला द्यायचं हे?" विचारताना मला काही अपेक्षा नव्हती असं म्हणणं खोटं होईल. जमिनीची नव्हती. पण तिनं माझं नाव घ्यावं असं वाटत होतं.

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "पोट्ट्याले," ती म्हणाली. म्हणजे माझ्या भावाच्या मुलाला.

"त्याच्या बापानं तुझं घर टेपनं मोजलं होतं."

"बापानं मोजलं. पोट्ट्यानं नाई. आन् घराचं घरात राह्यते, बाई."

मी भांडले. अर्धा दिवस भांडले. माझ्यासाठी नको, पण त्यांना नको, एखाद्या टाकलेल्या बाईला दे, शाळेला दे, विहिरीत टाक. ती शांतपणे तूर निवडत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "माह्यं आहे ना आता? मंग मले ठरवू दे." वर्षभर मी तहसीलात, वकिलांकडे, गावातल्या ओसऱ्यांवर हेच ओरडत फिरले होते की गेलेल्या माणसाची इच्छा पाळा, लिहिलं आहे तसं करा. आता जिवंत बाई स्वतःच्या तोंडानं इच्छा सांगत होती आणि ती मोडायला मीच निघाले होते.

म्हणून मीच तिला घेऊन गेले. वकीलबाई कार्यालयात भेटल्या. मजकूर वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, उद्या कोणी म्हणायला नको की भाचीनं दबाव आणला. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार पुरतं लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून वकीलबाई मोठ्यानं विचारत होत्या.

"आजी, पुन्हा एकदा विचारते. तुम्हाला मुलगी वगैरे कोणी नाही ना?"

"आहे ना," आत्या म्हणाली. "ते काय, भाईर बसली आहे."

"मग तिच्या नावे काही लिहायचं?"

"लेकीले कोणी जमीन देते काय, मॅडम?"

आत सह्या झाल्या. मी बाकावरून उठले नाही.